प्रोग्रामरला कुणी शिकवलं?

हैदराबादच्या बेगम बाजारात गुरू सोडून सगळं ठोक भावात मिळतं, असं आमचे अप्पा म्हणायचे. छत्रीकडून मछली मार्केटकडे चालत निघा. एका हाताला स्टीलच्या पातेल्यांच्या उतरंडी, दुसऱ्या हाताला तांब्याचे हंडे, समया, ताम्हनं, पुढे बदाम-पिस्त्यांची पोती, मिरचीचा ठसका, आणि पूजेच्या सामानाच्या दुकानात कापूर नि रुद्राक्ष किलोवर. दुसरा निजाम, निजाम अली खान, याच्या हमदा बेगमने ही जागा व्यापाऱ्यांना दिली म्हणून बेगम बाजार, असं सांगतात. जिथे माल किलोवर जातो तिथे काटा लागतो, आणि काटा म्हटला की तो कधीतरी बिघडणारच. त्यावर आमचं घर चाललं. अप्पांच्या हातात दांडीचे तराजू आणि कानस असायची, माझ्या हातात सोल्डरिंग आयर्न आणि मल्टिमीटर आला.

गिऱ्हाइकाला तोलून द्यायच्या काट्यांना मॉडेलची सरकारी मंजुरी, दर वर्षाचं मुद्रांकन, सील अशी सगळी बंधनं असतात. तिथे परवान्यात बसेल तेवढीच दुरुस्ती करायची. माझे स्वतःचे बोर्ड जातात ते गोदामाच्या आतल्या कामाला: वाट्यांची थप्पी तोलून नग सांगणारे, पोती मोजणारे, हमालाला लांबून दिसावं म्हणून भिंतीवर वजनाचे मोठे आकडे दाखवणारे. या बोर्डांत प्रोग्राम भरायचं काम मी दुकानाच्या माळ्यावर बसून करते.

मध्यंतरी एका बुवांनी याच कामाचा दाखला माझ्यावर उलटवला. काचीगुड्याला आमच्या गल्लीत एकादशीला हरिपाठ असतो. अप्पा गेल्यापासून त्यांच्या जागेवर मी बसते. बुवा बाहेरगावचे. चार लोकांत त्यांनी मला विचारलं, "ताई, तुम्ही अजून गुरू केला नाही?" नाही म्हटलं. माझा धंदा त्यांना कुणीतरी आधीच सांगून ठेवलेला असणार, कारण लगेच पुढचा प्रश्न आला. "तुमच्या हातातली ती कोरी चिप बाहेरच्या प्रोग्रामरशिवाय उठते का? नाही ना? मग जीव कसा उठेल?" मंडळी खूश झाली. एका काकूंनी माझ्याकडे 'आता बोल' अशा नजरेने पाहिलं. मी गप्प राहिले. हरिपाठाला बसल्यावर वाद घालायचा नाही, ही अप्पांची शिस्त. पण दाखला माझ्या धंद्यातला आहे आणि बुवांनी तो माझ्या जन्माला लावला आहे. तो तोलून बघायचा हक्क मला आहे.

आधी बुवांचं जेवढं खरं आहे तेवढं देऊन टाकते. कोरी चिप खरोखरच स्वतःहून उठत नाही. मी वापरते ती एटीमेगा ३२८पी. आत ३२ किलोबाइट जागा. नवी असताना त्या जागेतला प्रत्येक बिट १ असतो, कारण या जातीच्या स्मृतीत पुसलेलं म्हणजे १, लिहिलेलं म्हणजे ०. (यावर प्रवचन करायचा मोह कुणाला झाला तर मी जबाबदार नाही.) तिला वीज दिली तरी ती उपयोगाचं काही करत नाही. यूएसबीतून तिच्याशी बोलायचं म्हटलं तर ऐकणारं काहीतरी आत आधीच बसलेलं हवं, आणि ते नसतं. म्हणून बाहेरचा प्रोग्रामर लागतो. माझा यूएसबीएएसपी जातीचा, गुजराती गल्लीतून आणलेला. त्याच्यापासून चिपपर्यंत सहा तारा जातात: वीज, ग्राउंड, ताल देणारी एससीके, आत नेणारी मोसी, बाहेर आणणारी मिसो, आणि रिसेट.

पहिलं काम म्हणजे रिसेटची तार खाली, शून्य व्होल्टवर ओढून धरायची. ती खाली आहे तोवर चिपचा स्वतःचा कारभार बंद असतो. मग चार बाइटांची एक आज्ञा जाते: एसी, ५३, ००, ००. यातला तिसरा बाइट जात असताना चिपने दुसरा, म्हणजे ५३, मिसोवरून परत म्हणून दाखवायचा असतो. तिने म्हटला तर ती ऐकतेय. नाही म्हटला तर रिसेटला एक झटका द्यायचा आणि पहिल्यापासून सुरू करायचं. यात प्रोग्रामरला घाई चालत नाही. नवी चिप आतल्या घड्याळावर १ मेगाहर्ट्झने चालत असते आणि एससीकेचा ताल तिच्या चौथ्या हिश्श्याहून संथ हवा. तेवढ्यासाठी यूएसबीएएसपीवर एक जम्पर असतो, तो लावला की हा मंद बोलतो. ५३ परत आल्यावर तिची सही विचारायची, ती १ई, ९५, ०एफ अशी येते. मग पुसायचं, मग लिहायचं, आणि शेवटी लिहिलेलं सगळं बाइट न बाइट परत वाचून मूळ फाईलशी ताडून बघायचं. या शेवटच्या कामाला आम्ही व्हेरिफाय म्हणतो.

तयार अर्दुइनो बोर्ड घेणाऱ्या पोरांना वाटतं की आपल्याला बाहेरचा लागत नाही, नुसती केबल लावली की झालं. पण त्या बोर्डात कारखान्यानेच बाहेरच्या प्रोग्रामरने बूटलोडर भरून ठेवलेला असतो. हल्ली तो अर्ध्या किलोबाइटात मावतो. तेवढ्या अर्ध्या किलोबाइटाच्या जोरावर तो बोर्ड पुढचं सगळं आपलं आपण शिकल्यासारखा दिसतो. स्वयंभू असं माझ्या टेबलावर काहीही नाही. इथपर्यंत बुवा बरोबर आहेत.

आमच्याकडे एक मास्तर येतात, संस्कृतचे निवृत्त शिक्षक. तांब्याची भांडी कल्हई करायला टाकतात आणि तोवर माळ्यावर येऊन चहा घेतात. त्यांना मी हे सगळं करून दाखवलं. रिसेट खाली धरल्याशिवाय चिप ऐकतच नाही म्हटल्यावर त्यांचे डोळे चमकले. "म्हणजे अहंकार खाली बसल्याशिवाय उपदेश नाही!" मी म्हटलं, "मास्तर, एवढ्यावर कीर्तन नको. कोऱ्या चिपलासुद्धा रिसेट खाली धरावाच लागतो, आणि तिच्यात बंद पाडायला अहंकार काय, काहीच नसतं. शिवाय चिप नको म्हणू शकत नाही. शिष्य म्हणू शकतो, आणि कधी कधी त्याने म्हणावंही." मास्तर हसले. ते चांगले वाद घालणारे आहेत, हार मानत नाहीत आणि रागावतही नाहीत.

खरा प्रश्न आमच्या पोऱ्याने काढला. तो महबूबनगरकडचा, माझ्याकडे काम शिकतो. यूएसबीएएसपीचं झाकण उघडं पडलं होतं. त्यात डोकावून म्हणाला, "अक्का, इसमें बी तो चिपिच है. इसके अंदर कौन डाला?"

बरोबर आहे. यूएसबीएएसपीच्या पोटात एटीमेगा ८ असते. तीही कधीतरी कोरी होती. तिच्यात प्रोग्राम भरण्यासाठी त्या पट्टीवर एक वेगळा जम्परच ठेवलेला आहे, तो जोडला की हा शिकवणारा शिकणारा होतो, आणि त्याला शिकवायला दुसरा यूएसबीएएसपी लागतो. त्या दुसऱ्याला तिसऱ्याने शिकवलेलं असतं. मास्तरांनी कप खाली ठेवला. "याला आमच्यात अनवस्था म्हणतात. कुठेच थांबत नाही म्हणून दोष."

मग त्यांनी सांगितलं ते असं. मिथिलेचे उदयनाचार्य, हजारेक वर्षांपूर्वीचे, मोठे नैयायिक. ईश्वर आहे हे तर्काने सिद्ध करण्यासाठी त्यांनी न्यायकुसुमांजली लिहिली. त्यातल्या युक्तिवादांपैकी एक असा: विणकर कापड विणायला दुसऱ्या विणकराकडून शिकतो, तो त्याच्या आधीच्याकडून. पण प्रलयानंतर सृष्टी नव्याने सुरू होते तेव्हा आधीचा कुणी नसतो. मग पहिल्याला कुणी शिकवलं? ज्याला कुणाकडून शिकावं लागलं नाही अशा कुणीतरी. तो ईश्वर. पतंजलींनीही योगसूत्रांत ईश्वराला पूर्वीच्यांचाही गुरू म्हटलं आहे, कारण त्याला काळाची मर्यादा नाही. आणि आपल्या घरातली साखळी तर पाठच आहे: ज्ञानदेवांना निवृत्तिनाथांनी दिलं, त्यांना गहिनीनाथांनी, त्यांना गोरक्षनाथांनी, त्यांना मत्स्येंद्रनाथांनी, आणि मत्स्येंद्रांच्या वर थेट आदिनाथ, म्हणजे शंकर.

याला मीमांसकांचा विरोध आहे. त्यांच्या मते सृष्टीला अशी सुरुवातच नाही. बीजातून अंकुर, अंकुरातून बीज, हे अनादी चाललेलं आहे, म्हणून पहिला विणकर शोधणं हाच चुकीचा प्रश्न. वेद मानायला त्यांना ईश्वराची गरज पडत नाही, हे मला मास्तरांकडून कळलं तेव्हा मी चकितच झाले. अप्पांनाही ते माहीत नसणार.

मी म्हटलं, "मास्तर, विणकरांची साखळी कुठे सुरू झाली ते कुणी पाहिलेलं नाही, म्हणून तुमचे आचार्य हजार वर्षं भांडू शकले. माझी साखळी वेगळी आहे. ती माणसांच्या आठवणीत सुरू झालेली आहे. जाऊन बघता येईल."

मग आम्ही मागे मागे जात राहिलो.

माझ्या खोक्यात माझ्या वस्तादांनी दिलेली एक केबल आहे. एका टोकाला २५ पिनांचा पॅरलल पोर्टचा कनेक्टर, दुसऱ्या टोकाला तेच सहा पिनांचं डोकं, आणि मधे तारा नि चार-दोन रेझिस्टर. बस. तिच्यात चिप नाही, ट्रान्झिस्टर नाही, डायोडही नाही. जुन्या कॉम्प्युटरला प्रिंटर लावायचं भोक असायचं, त्यात ही खुपसली की कॉम्प्युटर एकेका पिनेवर शून्य-एक टाकत जायचा आणि चिपमध्ये प्रोग्राम जायचा. पहिला यूएसबीएएसपी भरायला आता दुसऱ्या यूएसबीएएसपीची गरज नाही, ही केबल पुरते. शिकवणाऱ्यांची रांग मागे जाता जाता एका अडाणी तारेपाशी येऊन थांबली. पोऱ्याला तर खरंच वाटेना. त्याने रेझिस्टरवरची नळी काढून आत बघितलं.

"पण कॉम्प्युटर?" मास्तर सोडणारे नव्हते. "त्याच्यात कुणी भरलं?" तेही बघितलं. कॉम्प्युटर चालू होताना जे पहिलं वाचतो ते एका रॉम चिपमध्ये असतं. पुन्हा पुन्हा लिहिता येणारी अशी पहिली चिप, ईप्रॉम, इंटेलच्या डॉव्ह फ्रोमान यांनी १९७१ साली काढली. पाठीवर काचेची खिडकी, त्यातून अतिनील प्रकाश टाकला की लिहिलेलं पुसलं जायचं. त्याच वर्षी इंटेलचा ४००४ हा मायक्रोप्रोसेसर आला, आणि त्याचा नकाशा लाल फिल्मवर माणसांनी सुरीने कापून काढलेला होता. १९७५च्या आल्टेअर ८८०० या यंत्राला तर कीबोर्डही नव्हता. समोरच्या पट्टीवरचे स्विच वर-खाली करून पहिल्या आज्ञा बोटांनी भरायच्या. तेवढं भरलं की यंत्राला कागदी पट्टी वाचता यायची, आणि पुढचं पट्टीवरून. माझे वस्ताद त्याच काळातल्या यंत्रांवर वाढलेले. ते स्विचांचा क्रम तोंडाने सांगत नसत, टेबलावर बोटं आपटून दाखवत.

आणखी थोडं मागे गेलं की मला सगळ्यात आवडणारी गोष्ट येते. चंद्रावर माणसं नेणाऱ्या अपोलो यानाच्या कॉम्प्युटरचा प्रोग्राम विणलेला होता. अक्षरशः. चुंबकीय कड्यांच्या रांगा, आणि त्यांतून ओवलेली तांब्याची तार. तार कड्यातून गेली तर १, बाहेरून गेली तर ०. हे विणकाम मॅसॅच्युसेट्समधल्या वॉल्थॅम गावी रेथिऑन कंपनीच्या कारखान्यात बायकांनी केलं. भोकं पाडलेली पट्टी यंत्राला सांगायची की पुढचं कडं कुठलं, यंत्र ते समोर आणून धरायचं, आणि बाई सुई पलीकडे काढायची. त्या तारेत चंद्रावर उतरायची आज्ञा आहे की परत फिरायची, हे तिला कळायचं कारणच नव्हतं. २० जुलै १९६९ला यान उतरलं ते या विणकामावर. मास्तर बराच वेळ काही बोलले नाहीत. उदयनाचार्यांनी दाखला घेतला होता तोही विणकराचाच, नाही का?

मग त्यांनी अचूक जागी बोट ठेवलं. "सुई धरणाऱ्या बाईला माहीत नव्हतं, कबूल. तुझ्या तारेला माहीत नाही, कबूल. पण पट्टीवर भोकं कुठे पाडायची ते कुणाला तरी माहीत होतंच. हात अडाणी होता, डोकं अडाणी नव्हतं. उदयनाचार्यांना तेवढंच हवं आहे."

आक्षेप खरा आहे. तो टाळून पुढे गेले असते तर मी आणि बुवा एका माळेचे मणी. अपोलोचा प्रोग्राम एमआयटीच्या प्रयोगशाळेत लिहिला गेला, मार्गारेट हॅमिल्टन यांच्यासारख्या माणसांनी. त्यांना माहीत होतं. पण किती? त्यांच्या प्रोग्रामात चुका सापडत होत्या, दुरुस्त होत होत्या, तारा पुन्हा विणल्या जात होत्या. माझ्या नग मोजणाऱ्या बोर्डाचा प्रोग्राम घ्या. त्याचा सांगाडा वस्तादांचा. उन्हाळ्यात पत्र्याखाली काटा सरकतो म्हणून घातलेल्या ओळी एका सुक्या मेव्याच्या शेठच्या तक्रारीतून आल्या. हमालाने पोतं आपटलं की आकडा नाचतो, तो थोडा थांबूनच दाखवायचा, हे एका हमालाने मला चिडून सांगितलं. वजनाचा बारीक सिग्नल वाचणारी एचएक्स७११ ही चिप किती वेळाने नवा आकडा देते ते मी तिच्या कागदावरून शिकले. तर या फाईलचा कर्ता कोण? यातल्या कुणालाही सगळी फाईल माहीत नव्हती. मला आज माहीत आहे ती वस्तादांहून जास्त, आणि माझ्या पोऱ्याला उद्या माझ्याहून जास्त असेल.

इथे उदयनाचार्यांशी माझं सरळ वाकडं येतं. परंपरा झिजत जाते असं ते मांडतात: शाखा लुप्त होतात, सामर्थ्य कमी होत जातं, म्हणून आरंभी कुणी परिपूर्ण असला पाहिजे. माझ्या साखळीत उलटं दिसतं. वरच्या टोकाला सगळ्यात कमी माहिती आहे. तिथे तार आहे, स्विच आहेत, सुरी आहे, सुई आहे, आणि थोडंसं जाणणारी माणसं आहेत. मागे जाल तसतसा गुरू लहान होत जातो.

पुढच्या खेपेला मास्तर पुस्तकच घेऊन आले. त्यांचं वैशिष्ट्य असं की स्वतःच्या विरुद्ध जाणारा पुरावासुद्धा ते लपवत नाहीत. भाषा पहिल्यांदा कुणी शिकवली, हा प्रश्न उदयनाचार्यांपुढेही आहे. लहान मूल भाषा शिकतं ते मोठ्यांचं बोलणं-वागणं बघून. आजोबा काकाला म्हणतात 'गाय आण', काका गाय आणतो, मूल बाजूला बसून बघतं आणि जोडतं. त्याला कुणी शिकवत नसतं, ते नुसतं ऐकत असतं. सृष्टीच्या आरंभी आजोबाही नाहीत आणि काकाही नाही. मग ईश्वरच दोन्ही सोंगं घेतो, एकाने आज्ञा करतो आणि दुसऱ्याने ती पाळतो, आणि बघणारे शिकतात. याला दृष्टांत कशाचा? सुताने हलणाऱ्या लाकडी बाहुलीचा. मायावी बाहुलीला म्हणतो हे आण, बाहुली आणते, आणि ते बघणारं मूल शब्द शिकतं.

मी तो भाग मास्तरांकडून पुन्हा वाचून घेतला. हजार वर्षांपूर्वीच्या ग्रंथात माझी केबल! बाहुलीला 'आण' म्हणजे काय ते माहीत नाही. तरी मूल शिकतं, आणि खरंच शिकतं, खोटं खोटं नाही. शिकवणाऱ्याच्या जागी जे उभं आहे त्याला ज्ञान असलंच पाहिजे असं नाही, हे उदयनाचार्य स्वतः देऊन बसतात. राहिला बाहुलीमागचा मायावी. पण त्याला त्या घडीला एक वाक्य माहीत असलं की पुरे. सर्वज्ञ असायची गरज बाहुलीच्या खेळातून निघत नाही, ती दुसरीकडून आणावी लागते. मास्तर म्हणतात, ती त्यांनी दुसरीकडून आणलेलीच आहे, जगाचा कर्ता म्हणून. असेल. पण गुरूच्या रस्त्याने ती येत नाही, एवढंच माझं म्हणणं.

आणि मग आपल्या संतांकडे बघितलं तर तिथेही हेच. नाथांच्या साखळीतली सगळ्यात वरची कडी कशी जुळली? ज्ञानेश्वरीच्या अठराव्या अध्यायात शेवटी ज्ञानदेव सांगतात ते असं, की क्षीरसागराच्या काठी शंकर पार्वतीच्या कानात सांगत होते, आणि मगराच्या पोटात लपलेल्या मत्स्येंद्रांनी ते ऐकलं. म्हणजे उपदेश त्यांच्यासाठी नव्हताच. काका-आजोबांचं बोलणं ऐकणाऱ्या मुलासारखंच हे. भागवताच्या एकादश स्कंधातल्या अवधूताने चोवीस गुरू केले: पृथ्वी, वारा, कबूतर, अजगर, बाण करणारा कारागीर. यातल्या एकालाही आपण गुरू आहोत याचा पत्ता नव्हता. एकनाथांनी काशीत १५७३ साली पुरा केलेला भागवताचा ग्रंथ याच स्कंधावरचा आहे, आणि आमच्या हरिपाठ मंडळाच्या कपाटात तो कापडात बांधून ठेवलेला आहे. बुवांनी तो सोडून बघायला हरकत नव्हती.

ते नामदेवांचा दाखला देतील, मला माहीत आहे. गोरोबाकाकांनी थापटणं घेऊन कच्चं मडकं ठरवलं, आणि नामदेव गुरू करायला औंढ्या नागनाथला विसोबा खेचरांकडे गेले. औंढा आमच्या आजोळाच्या वाटेवरचं, १९५६पर्यंत हैदराबाद राज्याच्याच मुलखातलं. तिथली गोष्ट काय सांगते? विसोबा पिंडीवर पाय ठेवून निजलेले. नामदेव म्हणाले, पाय काढा. विसोबा म्हणाले, मी म्हातारा, जिथे देव नसेल तिथे तूच उचलून ठेव. नामदेवांनी पाय उचलले, ठेवतील तिथे पिंडी. या गोष्टीत विसोबांनी उपदेश असा काहीच केलेला नाही. नामदेवांनी स्वतःच्या हाताने उचलून, ठेवून, ताडून बघितलं. विसोबांचं मोठेपण हे की त्यांनी बघू दिलं.

माझ्या धंद्यात हीच पायरी सगळ्यात महत्त्वाची. व्हेरिफाय झालं म्हणजे पाठवलं तेच लिहिलं गेलं एवढंच कळतं. प्रोग्राम बरोबर आहे की नाही हे त्यातून कळत नाही. चुकीची फाईलसुद्धा शंभर टक्के व्हेरिफाय होते. बरोबर आहे का हे कळायला काट्यावर मुद्रांकित वजन ठेवावं लागतं. ज्ञान खरं आहे हे ज्ञानाकडे बघून कळत नाही, त्यावरून केलेली कृती यशस्वी झाली तर कळतं, असं नैयायिक मानतात, आणि या एका बाबतीत मी उदयनाचार्यांच्या पक्षाची. मीमांसक म्हणतात, ज्ञान मुळातच खरं, खोटं ठरेपर्यंत. त्यांच्यापैकी कुणी बेगम बाजारात काटे दुरुस्त केले असते तर मत बदललं असतं.

मास्तर लगेच म्हणाले, "आणि त्या वजनाचं वजन कुणी केलं?" तीही साखळी आहे. माझं वजन निरीक्षकाच्या कार्यमानकाशी ताडलेलं, ते दुय्यम मानकाशी, ते संदर्भ मानकाशी, ते दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेतल्या ५७ क्रमांकाच्या किलोग्रॅमशी, आणि तो पॅरिसजवळच्या मूळ किलोग्रॅमशी. तो मूळ म्हणजे प्लॅटिनम-इरिडियमचा एक दंडगोल, १८८९ सालापासून जगाचा किलो. त्याला काही कळत नव्हतं. सगळ्यांनी मानला म्हणून तो पहिला होता. २० मे २०१९पासून तोही उतरवला गेला आणि किलो प्लांकच्या स्थिरांकावर बसवला. बाजारात दुसऱ्या दिवशी बदामाच्या वजनात एका दाण्याचाही फरक पडला नाही.

एक गोष्ट राहिली. चिपमध्ये लॉक बिट असतात. ते टाकले की आतला प्रोग्राम चालतो, पण बाहेरून वाचता येत नाही. ज्याला तो नको असेल त्याने सगळा पुसायचा. मीही टाकते, कारण नाही टाकले तर गुजराती गल्लीत माझ्या बोर्डाची नक्कल निघेल. हे पोटासाठी केलेलं आहे आणि मी ते लपवत नाही. पण कुणी मला मंत्र द्यायचा, तो कुणाला सांगू नकोस म्हणायचं, कुठून आला विचारू नकोस म्हणायचं, चालतो का ते तपासू नकोस म्हणायचं, आणि वर त्याला ज्ञान म्हणायचं, तर त्यांचाही धंदा माझ्यासारखाच आहे असं मी समजेन.

तेव्हा बुवांना माझं उत्तर असं आहे. बाहेरचा लागतो, हे चिपवरून सिद्ध होतं आणि मी ते मान्य करते. तो पोचलेला असावा लागतो, हे चिपवरून सिद्ध होत नाही. त्याच्या पायाशी सगळं वाहून टाकावं लागतं हे तर मुळीच होत नाही. ५३ परत म्हणणं ही ऐकल्याची खूण आहे. अप्पा, वस्ताद, मास्तर, तो चिडलेला हमाल, पोऱ्या, ती केबल, या सगळ्यांचं मी देणं लागते आणि ते मानते. विठ्ठलाला यात ओढायची मला गरज वाटत नाही. आषाढीला मी पंढरपूरला जाते ती कुठलाही युक्तिवाद बरोबर घेऊन जात नाही.

मास्तरांना अजून पटलेलं नाही. त्यांचं म्हणणं, मायावीने एकच वाक्य जाणणं आणि सगळं जाणणं यांत मी समजते तेवढं अंतर न्यायशास्त्रात नाही, आणि मी शास्त्र न शिकता बाहुली तेवढी उचलली. उतारा न्यायकुसुमांजलीच्या दुसऱ्या स्तबकातला आहे. न्याय रीतसर शिकलेल्या वाचकांनी तो काढून बघावा, आणि मास्तर बरोबर असतील तर तसं या अंकाच्या पत्रव्यवहारात खुशाल लिहावं.